दुसऱ्याच्या हातची काडतुसं

आर्डिसने विचारलं आणि मी लगेच ‘हो’ म्हणालो नाही. झालं ते एवढंच. कॉफीचा एक घोट गिळायला लागतो तेवढा वेळ गेला असेल, जास्त नाही. पण तेवढ्यात तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, तिने पाहिलं हे मला कळलं, आणि मग मी जे काय बोललो ते बोलून न बोलल्यासारखंच. हार्लनला जाऊन महिना होत आला होता. आमच्या नेमबाजी क्लबची माणसं शनिवारी सकाळी त्याच्या तळघरात जमली होती, कारण त्याच्या बायकोने, आर्डिसने, सगळ्यांना निरोप धाडला होता की त्याचं जे काय आहे ते घेऊन जा, मला त्यातलं काही कळत नाही आणि पैसे तर मुळीच नकोत. माणसं आली. बुटांना मार्चमधला चिखल आणि रस्त्यावरच्या बर्फावर टाकतात ती रेती, हातात टोप्या, आणि चेहऱ्यावर ते चर्चमधलं गांभीर्य, जे फुकटच्या वस्तू दिसल्या की हळूहळू उतरत जातं. कुणी गोळ्या ओतायचे साचे उचलले, कुणी शिसं वितळवायची कढई, कुणी काडतुसं भरायचं ते बाकाला बोल्टने आवळलेलं यंत्र. शिशाच्या विटा तर हातोहात गेल्या. तराजू तेवढा आर्डिसने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. वस्तू उचलताना प्रत्येक जण म्हणत होता, हार्लनसारखा काटेकोर माणूस पुन्हा होणे नाही. आणि शेवटी फळीवर उरली ती फक्त त्याने भरलेली काडतुसं. लाल-निळ्या डब्यांमध्ये, ओळीने मांडलेली, त्याच्या आणि माझ्या चव्वेचाळीस मॅग्नम रिव्हॉल्व्हरची. त्या फळीला सगळे जरा वळसा घालूनच जात होते.

“आणि ही?” आर्डिसने विचारलं.

“ती राहू देत,” गिल म्हणाला. गिल फेरिस हा आमच्या क्लबचा सेक्रेटरी. “ती नंतर खोलून टाकायची असतात.”

“का? खराब आहेत?”

“खराब कसली! हार्लनच्या हातची ती. एक नंबर असणार.”

“मग ने ना.”

“तसं करत नाहीत गं, आर्डिस.” गिल टोपीची कड बोटांनी चुरगळत राहिला.

“ओरिन तर मारत आलाय इतकी वर्षं. ओरिन, तू नेशील ना?”

आमच्यात ही रीतच आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालत नाही. भाऊ असो, जावई असो, पाद्री असो. त्यात अपमान नाही आणि कुणी तो मानतही नाही. मॅग्नमच्या नळीत जे घडतं ते आपल्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर घडतं, तेव्हा बारूद किती घातली आणि घातली की नाही हे ज्याचं त्याने पाहिलेलं असावं. माणूस गेला की त्याची काडतुसं खोलायची, शिसं परत कढईत, पितळेच्या नळ्या डब्यात, आणि बारूद परसातल्या गुलाबांना. त्या मातीला ती मानवते म्हणतात. या रीतीला आख्ख्या क्लबात एकच अपवाद होता, तो म्हणजे मी. मी हार्लनची काडतुसं मारायचो. मी भाड्याच्या घरात राहतो, मन्रो रस्त्यावर, खाली पडद्यांचं दुकान आणि वर आम्ही भाडेकरू, तिथे शिसं वितळवायला लागलो असतो तर घरमालकिणीने मला जिन्यावरून खाली ढकललं असतं. म्हणून शिसं माझं आणि हात हार्लनचे, असं आमचं ठरून गेलं होतं. पण खरं कारण सोय हे नव्हतं. नेम धरायचा, घोडा ओढायचा, आणि त्या माणसाबद्दल एकदाही मनात काही येऊ द्यायचं नाही, याला मी मैत्री समजत आलो. त्याच्याशी मी कधी हे बोललो नाही. असलं काही बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

“नेतो की,” मी म्हणालो, “का नाही नेणार?” जरा जास्तच मोठ्याने म्हणालो. गिल छताकडे बघायला लागला.

माणसं गेल्यावर आर्डिसने जिन्याशी मला अडवलं. “थांबलास तू मघाशी.”

“दम लागला होता. जिना...”

“जिना तू उतरून आला होतास, ओरिन.”

आर्डिस लहानखुरी बाई आहे, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेली, तिच्यापुढे आख्ख्या शाळेतला एकही मुलगा कधी खोटं बोलू शकला नाही असं हार्लन सांगायचा. तिने दिव्याचं बटण बंद केलं, मग परत लावलं, आणि फळीकडे बोट दाखवलं. “तू खोल ती सगळी. आणि मला सांग. शेवटच्या आठवड्यात रोज इथेच बसायचा तो. त्या दिवशी सकाळीसुद्धा. मग हात धुऊन वर आला, अंडी खाल्ली, बशी सिंकमध्ये ठेवली, आणि गेला. त्याचं डोकं ठिकाणावर नसेल तर ते इथे दिसेल ना? तू ओळखशील ना?”

“ओळखीन.”

“चुका असल्या तर सांग. आणि नसल्या...” मग म्हणाली, “नसल्या तरी सांग.”

हार्लन विक चाळीस वर्षं रेल्वेत ब्रेकमन होता, मालगाड्यांचे ब्रेक सांभाळणारा. हिलयार्डच्या फाटकावर, भर सकाळी, लख्ख उजेडात, त्याची गाडी रुळांवर उभी होती. बंद पडलेली नव्हती, इंजिन चालू होतं. मालगाडीच्या ड्रायव्हरने शिट्टी धरून ठेवली होती म्हणतात, पण एवढ्या वजनाची गाडी काय शिट्टीने थांबते? हे हार्लनला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यानेच मला शंभरदा सांगितलं असेल की रुळांवर थांबतात ते शहरी गाढव, नाहीतर दारुडे. कागदोपत्री अपघात लिहिला गेला. पाद्र्याने अपघात म्हटलं, वर्तमानपत्राने अपघात म्हटलं, भाजलेल्या बटाट्यांची पातेली घेऊन आलेल्या बायकांनी दारातच अपघात अपघात म्हणून आर्डिसचे खांदे थोपटले, आणि ज्या शब्दाची इतकी माणसं एवढ्या घाईने री ओढतात त्यावर कोणत्या बायकोचा विश्वास बसेल? तिला एकच जाणून घ्यायचं होतं. त्याला कळत नव्हतं, की कळत होतं? डोकं दगा देत होतं, रूळ कुठले आणि रस्ता कुठला हे त्या क्षणी उमगलं नाही, तर ती विधवा. आणि नाही तर मग तो तिच्या हातची अंडी खाऊन, बशी सिंकमध्ये ठेवून, तिला सोडून गेलेला माणूस. इतक्या वर्षांच्या संसाराचा निकाल त्या फळीवरच्या डब्यांत होता, आणि तो वाचू शकेल असा शहरात मी एकटा. मला पळून जावंसं वाटलं, हे सरळच सांगतो.

सोमवारी सकाळी बसने गेलो. आर्डिसने दार उघडलं, बाजूला झाली आणि मी खाली उतरलो. तळघरात यंत्र नव्हतं, साचे नव्हते, बाकावर बोल्टची भोकं तेवढी उरली होती, पण वास तोच होता. मेण, जुनं पितळ, ओल आणि गरम शिशाचा तो किंचित गोडसर वास, जो जिभेच्या मागे बसतो आणि जेवताना आठवतो. शिसं आम्ही परसातल्या छपरीत वितळवायचो, खाली नाही, पण हार्लनच्या कोटाला तो वास कायमचा चिकटलेला असायचा आणि कोट खुंटीला तसाच होता. मी टायरच्या दुकानात कामाला होतो तेव्हाचं हे सगळं. चाकाला तोल यावा म्हणून रिमला शिशाचे चिमटे लावतात, जुने काढून बादलीत टाकतात. ती बादली मी शनिवारी त्याच्याकडे न्यायचो. त्यात हल्ली हल्ली जस्ताचे चिमटेही यायला लागले होते, आणि एवढासा जस्ताचा तुकडा कढईत पडला तर सगळं शिसं दह्यासारखं फाटतं. म्हणून मी एकेक चिमटा पकडीत धरून दाबून बघायचो. शिसं दबतं, जस्त दबत नाही. हार्लन कढईत मेणाचा तुकडा टाकायचा, धूर व्हायचा, मळ वर यायचा, तो पळीने काढून टाकला की खालचं शिसं आरशासारखं दिसायचं आणि त्यात छपरीच्या कौलांची फट हलायची. मग तो साच्यात ओतायचा, लाकडी दांड्याने साच्याच्या झाकणाला एक टोला, साचा उघडला की गोळी जुन्या टॉवेलवर टप्‌. पहिल्या काही गोळ्यांना सुरकुत्या यायच्या, कारण साचा अजून तापलेला नसायचा. त्या परत कढईत. मग साचा फार तापला की गोळ्यांवर पांढुरकी झाक धरायची. इतर लोक त्या ठेवतात, हार्लन ठेवायचा नाही. “त्या पण तितक्याच सरळ जातात रे,” मी म्हणायचो. “जात असतील,” तो म्हणायचा आणि परत कढईत टाकायचा. शेवटी आर्डिस मागच्या दारातून ओरडायची, “साबण लावून तीनदा, दोघांनी! मगच पावाला हात लावायचा, नाहीतर दोघंही कुत्र्याच्या घरात जेवा!” कुत्रा मरून जमाना झाला होता, घर तेवढं उरलं होतं.

काडतूस खोलायला एक पोकळ डोक्याची हातोडी असते. काडतूस तिच्या डोक्यात उलटं अडकवायचं आणि लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायचं. एकदा, दोनदा. गोळी सुटते, बारूद पोकळीत सांडते, ती तराजूच्या पारड्यात ओतायची. मी पहिलं काडतूस आपटलं तेव्हा वरच्या स्वयंपाकघरातले पाय थांबले. तराजूची दांडी हलली, हलली आणि रेघेवर येऊन उभी राहिली. बरोबर. बावीस ग्रेन, म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम, ना एक दाणा कमी ना एक दाणा जास्त. दुसरं काडतूस, बरोबर. तिसरं, बरोबर. मी त्याच्या निळ्या डब्यातली सगळी ओळ खोलली आणि दांडी दर वेळी त्याच रेघेवर येऊन उभी राहिली. आयुष्यभर हे पाहून मला बरं वाटत आलं होतं. त्या दिवशी दर खेपेला मी पारडं काढून परत ठेवून बघत होतो. कारण मला चूक हवी होती. मी माझ्या मित्राच्या हातची एक चूक शोधत बसलो होतो, आणि ती सापडावी म्हणून मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो, मी, जो चर्चला नाताळापुरता जातो. एखादं रिकामं निघू दे. बारूद घालायची विसरलेलं, नुसती बुडाची ठिणगी पाडणारी टोपी आणि गोळी. निदान एखादं अर्धं. दुपटीची चूक तर निघणारच नव्हती. त्याने बारूदच अशी निवडली होती की दोनदा घातली तर काडतुसाच्या पितळी नळीतून ओसंडून बाकावर सांडेल आणि आंधळ्यालाही कळेल. स्वतःच्या विसरभोळेपणाची वाट असा माणूस आधीच अडवून ठेवतो. त्याला रूळ दिसले नाहीत?

आठवून पाहिलं, गेला हिवाळाभर तो कसा होता ते. गप्प होता. पण तो केव्हा बोलका होता? हिलयार्डचं रेल्वे वर्कशॉप पाडत होते तेव्हा आम्ही एकदा कुंपणापलीकडे गाडी थांबवून बघत बसलो होतो. क्रेनने एक आख्खी भिंत खाली घेतली आणि हार्लन म्हणाला, “विटा चांगल्या होत्या.” बस. नाताळनंतर त्याने मला स्वतःचे अस्तराचे हातमोजे दिले, म्हणाला, मला घट्ट होतात. मी घातले, मला ढगळ झाले. तेव्हा मला हसू आलं होतं. माणूस हातमोजे देतो, चाकूचं जुनं म्यान देतो, एका रविवारी उगीचच फोन करून हवा कशी आहे विचारतो, एकाच शहरात राहून, आणि आपण खिडकीबाहेर बघून हवा सांगतो. त्या रविवारची हवा मला अजून आठवते. धुकं होतं, नदीवरचा पूल दिसत नव्हता. हे मी आर्डिसला सांगितलेलं नाही. सांगून तिला काय मिळणार, आणखी एक माणूस ज्याला कळलं नाही, एवढंच ना. आणि तरी माझ्या मनाचा एक कोपरा हट्टाने म्हणत होता, डोकंच असेल. साठी-सत्तरीत होतं तसं माणसांचं. टायरच्या दुकानातला म्हातारा लेनी नाही का, चावी हातात धरून चावी शोधायचा. चुकला असेल हार्लन. चुकू दे ना त्यालाही एकदा.

मग मी लाल डबे ओढले. लाल डबे माझे. झाकणावर पांढऱ्या पट्टीचा तुकडा आणि त्यावर पेन्सिलीने माझ्या नावाचं पहिलं अक्षर. पहिलं काडतूस आपटलं, बारूद पारड्यात ओतली, आणि दांडी वर आलीच नाही. मी पारडं झटकलं, पोकळीत बोट घालून पाहिलं, परत ठेवलं. दांडी खालीच. वजनाचा काटा मागे मागे सरकवत नेला तेव्हा कुठे ती उठली. अठरा. चार ग्रेन कमी. मी खुर्चीवरून उठलोच. “सापडली,” असं मी तोंडाने म्हणालोसुद्धा. हाच तो हार्लन, ज्याने अर्ध्या ग्रेनवरून गिलला सगळ्यांसमोर मैदानाबाहेर घालवलं होतं, त्याच्या हातून चार ग्रेनची चूक! त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, बिचारा, बिचारा हार्लन, मी म्हणत होतो आणि मला इतका आनंद झाला होता की लाज वाटावी. वर जाऊन आर्डिसला हाक मारणार होतो. पण माणसाने एकावर थांबू नये, एवढं तरी त्याच्याकडून शिकलो होतो. म्हणून दुसरं घेतलं. अठरा. तिसरं, अठरा. त्या डब्यातलं प्रत्येक काडतूस अठरा, ना एक दाणा कमी ना एक दाणा जास्त, दांडी त्या नव्या रेघेवर तशीच शांतपणे येऊन उभी. हात चुकला तर असा एका ओळीत चुकत नाही. मागच्या वर्षीचा एक डबा तळाशी होता, माझाच, अर्धा उरलेला. तो खोलला. एकोणीस. त्याच्या आधीचा, गंजकी बिजागरी असलेला. वीस.

वीस, एकोणीस, अठरा. मी डबे त्या क्रमाने ओळीत लावले. तीन हिवाळ्यांमागे मी दुकानासमोरच्या बर्फावर घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जोर गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाला होता, मॅग्नम आता विसरा. मी ते हार्लनला हसत हसत सांगितलं होतं आणि हार्लन म्हणाला होता, “तुझं तू बघ.” मग वसंतात मैदानावर गेलो तेव्हा पहिल्याच बाराच्या झटक्याने डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी दात आवळून सहाही मारले, आणि पुठ्ठ्याच्या कडेवर सहा भोकं पडली, आणि तो शेजारी उभा राहून रिकाम्या नळ्या वेचत राहिला. पुढच्या खेपेला दुखलं कमी. त्याच्या पुढच्या खेपेला त्याहून कमी. मला वाटलं, मनगट भरून येतंय. मला वाटलं, माणसाच्या अंगात रग असली की डॉक्टर काय झक मारतो! क्लबात मी किती मिरवलो. गेल्या शरदात गिलने नव्या सभासदांपुढे माझ्या पाठीवर थाप मारली होती, “हे बघा, सत्तरीला टेकलाय आणि अजून पूर्ण बारुदीचा बार मारतो, नाहीतर तुम्ही, खेळण्यातली पिस्तुलं घेऊन आलेले!” आणि मी मान डोलावली, आणि हार्लन माझ्या शेजारी कॉफीच्या थर्मासचं झाकण पुसत बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नव्हती. बारूद कमी तर मनगटाला झटका कमी. राग आला मला. सांगतो ना, आधी रागच आला. मी ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला त्याने मला लहान मुलासारखं भातुकलीचं जेवण वाढलं, आणि मी मिटक्या मारत खाल्लं. मग राग कधी ओसरला ते कळलं नाही, नुसतं रडू येत राहिलं. तोंडावर त्याचा कोट धरला, वर ऐकू जाऊ नये म्हणून.

शेवटचा डबा बाकाच्या टोकाला, कापडाखाली होता. तोही लाल. अर्धा भरलेला, म्हणजे हाच त्या सकाळचा. डब्याच्या पुढच्या खणांत नुसत्या पितळी नळ्या उभ्या, नवी टोपी बसवलेल्या, आत काही नाही. मागची भरलेली होती. मी ती सगळी खोलली. अठराही नव्हते. साडेसतरा. दर वेळी साडेसतरा. फेब्रुवारीत मैदानावर माझं मनगट एकदा आखडलं होतं, मी ते हातमोज्याच्या निमित्ताने लपवलं होतं, आणि त्याने ते पाहिलं होतं. त्या सकाळी तो इथे बसला आणि माझ्या मनगटाला आणखी अर्ध्या ग्रेनची सूट देत, एकेक दाणा टिचकीने पाडत, न चुकता भरत राहिला. मग हात धुतले, साबण लावून तीनदा, वर जाऊन अंडी खाल्ली, आणि हिलयार्डच्या फाटकावर गेला. डोकं ठिकाणावर होतं. इतकं ठिकाणावर होतं की त्यात मी मावत होतो, माझं मनगट मावत होतं, माझी फुशारकीसुद्धा मावत होती. स्वतःबद्दलचा एक शब्द तेवढा बाहेर काढायला त्याला जमलं नाही, आणि मी कधी विचारला नाही. आता मला माहीत होतं. आर्डिसला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्या पारड्यात होतं, आणि ते मी कोणत्या तोंडाने वर घेऊन जाणार होतो?

वरचे पाय जिन्याकडे यायला लागले. मी काय करतोय हे मला नीटसं ठरवता आलं नाही, माझी बोटं मात्र लाल डब्यांच्या झाकणांवरच्या माझ्या नावाच्या पांढऱ्या पट्ट्या नखाने सोलत होती. एक, दुसरी, तिसरी. जुनीचा डिंक वाळला होता, ती तुकड्यातुकड्याने निघाली. सगळ्यांची गोळी करून खिशात टाकली. आर्डिस कॉफीचे दोन कप घेऊन खाली आली आणि एक बाकावर ठेवला. माझे डोळे बघून ती तिथेच थांबली.

“सांग,” ती म्हणाली.

“बस आधी.”

“उभ्याने ऐकते. सांग.”

मी लाल डब्यांतलं एक अजून न खोललेलं काडतूस घेतलं, तिच्यासमोर आपटलं आणि बारूद पारड्यात ओतली. काटा बावीसवर लावला. “हे असायला हवं. दांडी इथे यायला हवी.” दांडी खालीच पडून राहिली. दुसरं आपटलं. दांडी खालीच. “चार ग्रेन कमी,” मी म्हणालो. “काही साडेचार कमी. त्याहून कमी झाली असती तर गोळी रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकली असती, आणि तिच्यामागून दुसरी सुटली की नळी फुटली असती. एकेकदा काहीच्या काही भरलंय, आर्डिस. त्याला मापच राहिलं नव्हतं.”

“पण चूक करणारा माणूस नव्हता तो.”

“नव्हता. म्हणूनच सांगतोय. शुद्धीवरच्या हार्लनच्या हातून हे होणं शक्यच नाही.”

तिने दांडीकडे पाहिलं. बोट लावून ती उचलली, सोडली, दांडी परत खाली पडली. असं तिने दोनतीनदा केलं. मग ती खरोखरच खाली बसली, उलट्या बादलीवर, आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो रडण्याचा होता की हसण्याचा, मला सांगता येणार नाही. “म्हणजे त्याला कळतच नव्हतं,” ती म्हणाली. “माझा बिचारा. डोक्यात असा अंधार घेऊन फिरत होता आणि मला वाटत होतं, माझंच काही चुकलं. त्या सकाळी मी त्याच्याशी धड बोललेसुद्धा नव्हते रे. कांदा महाग झालाय एवढंच बोलले. महिनाभर मी तेच घोकतेय, कांदा महाग झालाय.” तिने माझा हात धरला, नेमका उजवा, आणि गच्च दाबला. मनगटातून कळ कोपरापर्यंत गेली. मी हात सोडवला नाही.

ती वर गेली ती सरळ फोनकडे. मी मागून चढेपर्यंत तिने गिलचा नंबर फिरवला होता. “गिल, ऐक. ओरिनने खोलून पाहिली. सगळी चुकलीयत! हो, चार-चार ग्रेन. हार्लनला कळत नव्हतं रे, त्याला काहीच कळत नव्हतं!” महिन्यात पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला होता. तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वतः फडताळातून हकलबेरीचा पाय, रानफळांचं सारण भरून भाजलेला, काढून कापायला घेतला.

“हार्लन?” गिल म्हणाला. “आपला हार्लन?”

“हो.”

“अर्ध्या ग्रेनवरून त्याने माझी सगळ्यांपुढे काढली होती.” मग त्याचा आवाज खाली आला. “आणि आपण त्याच्या शेजारी उभे राहत होतो. बायका-पोरं मागे बाकांवर बसलेली असायची. बापरे. बरं झालं, शनिवारी कुणी नेली नाहीत. त्याने कुणाला कधी काही भरून दिलंय का तेही बघायला हवं, सगळ्यांना फोन करतो आज. आणि भिंतीवर त्याचा फोटो लावायचं ठरलं होतं, ते... ते जरा थांबूच या, काय?”

“थांबा.”

“ओरिन, वाईट वाटून घेऊ नकोस, पण खात्री आहे ना तुला? हार्लनचं नाव आहे हे. एकदा असलं बोललं गेलं की ते पुसत नाही.”

आर्डिसने पायचा एक मोठा तुकडा माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे घेतला आणि खायला लागली. भुकेल्या माणसासारखी, मान खाली घालून.

“खात्री आहे,” मी म्हणालो. “मी स्वतः तोललंय.”

“आणि तू तर मारत होतास ती. इतकी वर्षं.” गिलने उसासा टाकला. “हात शाबूत राहिला तुझा. नशीबच म्हणायचं, लेका.”

“हो,” मी म्हणालो, “नशीबच.”